दुसरें टोंक

धार लावणें हें काम आपल्या समाजांत कधींच प्रतिष्ठेचें मानलें गेलें नाहीं. सायकलला सहाण जोडून गल्लोगल्लीं आरोळी देत हिंडणारा माणूस दारांत आला, म्हणजे आपण विळी, सुरी आणि कात्री घेऊन बाहेर येतों, चार रुपयांसाठीं त्याच्याशीं हुज्जत घालतों, आणि त्याचें नांवगांव न विचारतां दार लावून घेतों. ज्या धारेवर घरांतील रोजचा स्वयंपाक चालतो ती येते कशी, याचा विचार करण्याची गरज आपणांस वाटत नाहीं. आम्हांसहि ती साठ वर्षें वाटली नव्हती. आणि आमचे वडील धारेवरच जगले व त्या धारेवरच त्यांनीं आम्हांस शिकविलें, ही गोष्ट लक्षांत घेतां आमचा निष्काळजीपणा इतरांहून अधिक दोषास्पद होता, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

आमचे वडील, ज्यांना आम्ही सारीं भावंडें अण्णा म्हणत असूं, ते पुण्यांतील एका कारखान्यांत टर्नर होते. लेथ म्हणजे काय हें ज्यांनीं पाहिलें नसेल अशा वाचकांसाठीं एवढेंच सांगतों, कीं कुंभाराच्या चाकावर जशी माती फिरते आणि कुंभाराची बोटें तिला आकार देतात, तसा या यंत्रांत लोखंडाचा गज फिरतो व त्याच्यापुढें घट्ट धरलेलें हत्यार त्याला आकार देतें. हें हत्यार म्हणजे करड्या पोलादाची एक चौकोनी कांडी असते. लांबी सुमारें चार इंच, जाडी करंगळीहून कमीच. तिला टूलबिट म्हणतात. दुकानांतून आणलेल्या टूलबिटाला कामाची धार नसते. त्याच्या टोंकाला कोणता आकार द्यावयाचा व कोणत्या बाजूस किती उतार ठेवावयाचा, हें ज्याचें त्यानें सहाणेपुढें उभें राहून ठरवावयाचें असतें. यंत्र कितीहि मोठें असो, अखेर काम करतें तें त्या टोंकावरचें ज्वारीच्या दाण्याएवढें पोलाद.

अण्णा निवृत्त झाले तेव्हां एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावांतून त्यांनीं एक जुना साडेचार फुटी लेथ विकत घेतला व घरामागच्या पत्र्याच्या खोलींत बसविला. तेथें ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं कामें करीत. कोणाच्या पंपाचा दांडा, कोणाच्या नळाचा जोड, कोणाच्या शिवणयंत्राची कप्पी. आम्ही कधीं कधीं खोलीच्या दारांत उभे राहत असूं. परंतु उंबरठा ओलांडण्याची आम्हांस परवानगी नव्हती. "तुझे हात कागदाचे आहेत, ते तसेच राहूं देत," असें ते म्हणत. या बोलण्यांत तिरस्कार नव्हता. आयुष्यभराच्या कष्टांचें सार्थक झाल्याचा अभिमानच होता. आणि आमचे हात खरोखरच कागदाचे होते. हिशेब-तपासनीस म्हणून आम्हीं चौतीस वर्षें नोकरी केली. दुसऱ्यांनीं मांडलेल्या आंकड्यांतील चुका शोधणें आणि त्यांखालीं लाल शाईनें रेघ ओढणें, हा आमचा पोटाचा धंदा.

अण्णांना जाऊन बारा वर्षें झालीं होतीं. तेवढा काळ लेथवर गोणपाट आणि गोणपाटावर धूळ होती. नोकरींतून मोकळे झाल्यावर एके दिवशीं आम्हीं तें गोणपाट उचललें. लेथखालच्या फळीवर एक लांकडी पेटी होती. तींत तेल लावलेल्या मांजरपाटाच्या फडक्यांत टूलबिट गुंडाळून ठेवलेले होते. मोजले, ते त्रेचाळीस भरले. कांहीं तीन सुती, कांहीं चार सुती, थोडे दोन सुती. इंचाच्या आठव्या भागाला कारखान्यांत सूत म्हणतात. एकाचें टोंक उजवीकडे उतरतें, दुसऱ्याचें डावीकडे; एक पोपटाच्या चोंचीसारखें, एक छिन्नीसारखें, एक अर्ध्या वाटाण्यासारखें गोल. एकावरहि चिठी नव्हती. ज्यांनीं चौतीस वर्षें कोणाचेंहि अक्षर लावून दाखविलें, त्या आम्हांस आपल्याच वडिलांच्या हातचे हे त्रेचाळीस लेख वाचतां येईनात. शिवाय त्यांतले बहुतेक बोथट झाले होते. आणि बोथट हत्याराला धार लावणें म्हणजे त्याच्या टोंकाचा थोडा भाग झिजवून टाकणें. धार लावावी तर अण्णांचा हात पुसला जाणार. न लावावी तर ती पेटी गोणपाटाखालीं होती तशीच निरुपयोगी राहणार. आमची अडचण येथें सुरू झाली.

अण्णांच्या तुकड्यांना हात लावण्याचा धीर होईना, म्हणून शिकण्यापुरते नवे तुकडे आणावे असें ठरवून आम्ही मुंबईस नागदेवी स्ट्रीटवर गेलों. हत्यारांच्या दुकानांची ती गल्ली पाहून अलिबाबाची गुहा आठवते. मात्र दाराशीं कोणता मंत्र म्हणावयाचा हें ठाऊक असावें लागतें. आम्हीं हायस्पीडचे टूलबिट मागतांच एका दुकानदारानें आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून अदबीनें सुचविलें, कीं "आतां तें कशाला, साहेब? विडिया घ्या." विडिया हा शब्द आमच्याकडील कारखान्यांत इतका रुळला आहे कीं तो एखाद्या देवतेचें नांव वाटावा. वस्तुतः जर्मनींतील क्रुप कंपनीनें १९२७ च्या सुमारास बाजारांत आणलेल्या टंगस्टन कार्बाइडचें तें व्यापारी नांव. हिऱ्यासारखें अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून तें बनविलेलें आहे. हल्लीं त्याच्या लहान लहान तयार चकत्या मिळतात. एक कोपरा झिजला कीं चकती फिरवावयाची, सारे कोपरे झिजले कीं टाकून द्यावयाची. संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या मोठ्या यंत्रांवर हेंच योग्य आहे, याविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु त्या चकतीला वेग पाहिजे आणि न थरथरणारें यंत्र पाहिजे. आमच्या पट्ट्यावर चालणाऱ्या वृद्ध लेथपाशीं या दोन्ही गोष्टी नव्हत्या. त्याला मानवेल अशी अणकुचीदार धार आणि पाहिजे तो आकार हायस्पीड पोलादालाच देतां येतो. अर्थात् हें सारें आम्हांस मागाहून कळलें. त्या दिवशीं आम्हीं केवळ हट्टानें चार टूलबिट घेतले, त्यांची किंमत ऐकून पांचवा घेतला नाहीं, आणि परत आलों.

उरलेली गरज भागविण्यासाठीं आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारांत गेलों. बुधवारीं व रविवारीं भरणाऱ्या त्या बाजारांत बंद कारखान्यांचीं पोटें उघडीं पडलेलीं आम्हीं पाहिलीं. मोडके ड्रिल, दांते झिजलेले कटर, गंजलेल्या रेतड्या आणि चौकोनी कांड्यांचे ढीग. "हायस्पीड, हायस्पीड," असें विक्रेता सांगत होता. आम्हीं बारा कांड्या निवडल्या, घासाघीस करून किंमत निम्म्यावर आणली, आणि मोठ्या विजयानें घरीं आलों. हिशेब-तपासनीसाला कोणी फसवूं शकत नाहीं, असा आमचा समज होता.

अण्णांच्या हाताखालीं उमेदवारी केलेले एक मिस्त्री आमच्याच पेठेंत राहतात. त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे. परंतु अजून ते चष्म्यावांचून मापनपट्टीच्या बारीक रेघा मोजतात. आम्हीं त्यांना आमची खरेदी दाखविली. त्यांनीं खिशांतून एक लहानशी कानस काढली व एकेका कांडीच्या कडेवर ओढली. सात कांड्यांवर कानस चावली. पांचांवर ती कांचेवरून सरकावी तशी सरकली. "भाऊसाहेब, या सात चाव्यांच्या पट्ट्या आहेत. कप्पी दांड्यावर बसवतांना मध्यें घालतात तें साधें लोखंड. यानें लोणी कापा." मग त्यांनीं आम्हांस खात्री पटावी म्हणून दोन्ही प्रकारच्या कांड्या सहाणेला लावून दाखविल्या. साध्या पोलादाच्या ठिणग्या पिवळसर पांढऱ्या, लांबवर उडणाऱ्या आणि टोंकाशीं फुटून चांदण्या होणाऱ्या. हायस्पीडच्या ठिणग्या मात्र तांबूस, अंधुक, न फुटतां विझून जाणाऱ्या. पोलादांतील कार्बन जळतांना तो फुलोरा उठतो आणि टंगस्टन त्याला दाबून टाकतें, असें याचें कारण आहे. मिस्त्री एवढेंच म्हणाले, "फुलबाजी दिवाळींत आणा. हत्याराला ही लाल ठिणगी."

त्या अंधुक तांबड्या ठिणगीमागें मोठा इतिहास आहे. शंभर-सवाशें वर्षांपूर्वींपर्यंत लेथवर साध्या कार्बन-पोलादाचें हत्यार वापरीत. तें कठीण खरें. परंतु घर्षणानें तापून सुमारें २०० ते २५० अंशांपर्यंत गेलें कीं मऊ पडूं लागतें, म्हणून काम अगदीं हळू चालवावें लागे. १८६८ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट मशेट यानें पोलादांत टंगस्टन मिसळून असें हत्यार केलें, कीं जें पाण्यांत बुडविल्यावांचून, केवळ हवेंत निवून कठीण होई. पुढें अमेरिकेंत बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांनीं १८९८ पासून प्रयोग आरंभिले. ठराविक लालीहून अधिक तापविलें तर हत्यार बिघडतें, अशी त्या वेळच्या लोहारांची पक्की समजूत होती. या दोघांनीं तें जवळजवळ वितळण्याच्या बेतापर्यंत तापविलें, आणि तें बिघडण्याऐवजीं अपूर्व गुणाचें झालें. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांचें हत्यार लोकांनीं पाहिलें, तेव्हां त्याचें टोंक तापून लाल झालें होतें आणि तरीहि तें पोलाद कापीत होतें. हेंच हायस्पीड पोलाद. शंभरांत अठरा भाग टंगस्टन, चार भाग क्रोमियम व एक भाग व्हॅनेडियम हें त्याचें प्रसिद्ध प्रमाण पुढें ठरलें. दुसऱ्या महायुद्धांत टंगस्टनची टंचाई झाल्यामुळें त्याची बरीचशी जागा मॉलिब्डेनमनें घेतली. सुमारें ६०० अंशांपर्यंत या पोलादाचें कठिणपण टिकतें. एवढ्या तापाला टिकणारा माणूसहि आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

मिस्त्रींनीं आमची शिकवणी सुरू केली. प्रथम त्यांनीं सहाणेचा नवा दगड दोरीनें टांगला आणि लांकडी मुठीनें त्यावर टिचकी दिली. बाजारांत मडकें घेतांना जसें बोटानें वाजवून पाहतात तसाच हा प्रकार. खणखणला तर निर्दोष, भद्द वाजला तर आंत चीर आहे, आणि चिरेचा दगड मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे फिरूं लागला कीं फुटून माणसाच्या जिवावर उठतो. दगडासमोरची टेकणी त्याच्या अगदीं जवळ घ्यावयाची, म्हणजे हत्यार मध्यें ओढलें जात नाहीं. डोळ्यांवर चष्मा चढवावयाचा. हातमोजे मात्र घालावयाचे नाहींत. मग खरें काम. टूलबिटाच्या टोंकाला तीन पाठी घासावयाच्या असतात: एक बाजूची, एक समोरची, एक वरची. पहिल्या दोहोंना धारेखालीं आठ-दहा अंशांचा उतार द्यावयाचा. उतार नसेल तर हत्यार कापीत नाहीं, नुसतें घासतें. उतार फार दिला तर धारेखालीं आधार राहत नाहीं व ती तुटते. वरच्या पाठीचा उतार कामाच्या धातूप्रमाणें बदलावयाचा: साध्या पोलादाला बारा-पंधरा अंश, बिडाला त्याहून कमी, आणि पितळेला मुळींच नाहीं, कारण पितळेला उताराचें हत्यार लावलें तर तें आंत रुततें. अखेरीस तेल लावलेल्या बारीक दगडावर टोंक हळूच फिरवून त्याची टोंचणी मोडावयाची.

हें सारें सांगावयास दहा मिनिटें लागलीं आणि आम्हांस जमावयास चार महिने. आरंभीं आमच्या हातून एकाच पाठीवर पांच-सहा पाठी निघत. तो तुकडा पैलू पाडलेल्या कांचेच्या मण्यासारखा दिसे. मिस्त्री म्हणत, "हात हलवूं नका, अंग हलवा." मनगट घट्ट धरून कंबरेपासून डुलावयाचें, हें एखाद्या कागदी हातांच्या माणसाला साठीनंतर शिकविणें सोपें नव्हे. तुकडा तापला कीं बोटाला चटका बसे. आम्ही घाईनें तो पाण्याच्या डब्यांत बुडविण्यास जात असूं, तोंच मिस्त्री आमचा हात धरीत. हायस्पीड पोलाद निळें पडलें तरी मऊ होत नाहीं. परंतु फार तापलेलें एकदम पाण्यांत घातलें तर त्याच्या धारेंत न दिसणाऱ्या चिरा पडतात. या बाबतींत अण्णांचें एक वचन त्यांनीं आम्हांस सांगितलें: "चटका बसण्याआधीं पाणी, बसल्यावर वारा." वडिलांचें वाक्य परक्या माणसाच्या तोंडून ऐकण्याचा तो आमचा पहिलाच प्रसंग. तें ऐकून आम्हांस जसा आनंद झाला, तसें थोडें वाईटहि वाटलें.

याच दिवसांत आम्हीं वर उल्लेखिलेल्या टेलरविषयीं वाचलें. धातु कापण्याच्या कलेवर त्यानें १९०६ सालीं एक व्याख्यान दिलें. त्यामागें सव्वीस वर्षांचे प्रयोग होते, आणि त्यांसाठीं सुमारें आठ लक्ष पौंड लोखंडाचा व पोलादाचा कीस पाडण्यांत आला होता. त्याचा एक निष्कर्ष असा होता, कीं हत्याराला धार लावण्याचें काम कामगाराकडे ठेवूंच नये. ठरविलेल्या आकारांप्रमाणें तें निराळ्या खोलींत यंत्रावर व्हावें आणि कामगाराला तयार हत्यार मिळावें. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून प्रत्येकाची धार वेगळी, आणि त्यामुळें हिशेब लागत नाहीं. खरें सांगावयाचें तर हें वाचून आम्ही मनांतून टेलरच्या बाजूचे झालों. तोहि एक प्रकारें तपासनीसच होता. प्रमाण ठरवावें, त्याप्रमाणें पडताळावें, आणि जें जुळणार नाहीं त्याखालीं रेघ ओढावी, ही त्याची पद्धति आमच्या रक्तांत भिनलेली. याच धुंदींत आमच्या हातून तें कृत्य घडलें.

शेजारच्या मावशींकडे तांब्याचा एक जुना बंब आहे. त्याची पितळी तोटी ज्या तुकड्यानें बंबाला जोडलेली होती तो तुकडा आपटून वांकला. तो अण्णांनींच तीस वर्षांपूर्वीं करून दिला होता, तेव्हां आतां नवा आम्हीं करून द्यावा, असें मावशींनीं सांगितलें. काम लहान होतें, परंतु त्याला बाहेरून आटे पाडावयाचे होते, इंचाला चौदा. आटे पाडण्यासाठीं टूलबिटाचें टोंक भाल्याच्या पात्यासारखें अणकुचीदार लागतें, आणि त्या टोंकाचा कोन बरोबर असावा लागतो. अण्णांच्या पेटींत असा एक तुकडा होता. तो बोथट नव्हता. परंतु आमच्या तपासनीस स्वभावाप्रमाणें आम्हीं तो आधीं तपासला. नुकत्याच विकत आणलेल्या गेजच्या साठ अंशांच्या खांचेंत तो धरून उजेडाकडे पाहिलें. तो जुळेना; कोन चार-पांच अंशांनीं कमी भरला, आणि टोंकहि किंचित् गोल झालेलें दिसलें. आम्हांस वाटलें, शेवटच्या वर्षांत अण्णांची नजर कमी झाली असावी. संध्याकाळीं आम्हीं ही गोष्ट पत्नीला सांगितलीहि, आणि सांगतांना थोडे हंसलोंहि. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तें टोंक सहाणेला लावून साठ अंशांचें बिनचूक करून टाकलें. टोंकाची गोलाई गेली, धार सुईसारखी झाली. चौतीस वर्षांत आमच्या हातून इतकी सुबक दुरुस्ती झाली नसेल.

आटे पाडून आम्ही तो तुकडा घेऊन गेलों. बंबांत तो दीड फेरा गेला आणि अडकला. जोर केला, तेव्हां आणखी एक फेरा गेला. बंबांत पाणी भरतांच सांध्यांतून धार लागली. दोरा गुंडाळला, तरी थेंब थांबेनात. मावशी कांहीं रागावल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "अण्णांची कधीं गळली नव्हती हो." त्यांच्या अंगणांतून आमच्या दारापर्यंतचें अंतर वीस पावलांचें आहे. त्या दिवशीं तें फार लांब वाटलें.

मिस्त्रींनीं तो तुकडा पाहिला, मग टूलबिट पाहिला, आणि विचारलें, "हें कोणीं घासलें?" आम्ही गप्प राहिलों. ते उठले, अण्णांची पेटी जवळ ओढली, आणि फडक्याखालून पत्र्याची एक काळपट पट्टी काढली. ती आम्हीं पूर्वीं पाहिली होती व निरुपयोगी म्हणून तशीच ठेवली होती. त्यांनीं ती रॉकेलच्या चिंधीनें पुसली, तेव्हां तिच्यावर ५५ हा आंकडा उमटलेला दिसला. मग त्यांनीं सांगितलें तें असें: जोसेफ व्हिटवर्थ नांवाच्या इंग्रज यंत्रज्ञानें १८४१ सालीं आट्यांचें जें प्रमाण सुचविलें त्याचा कोन पंचावन्न अंशांचा आहे, आणि त्यांत आट्याचें शिखर व तळ दोन्ही गोल असतात. मिलिमीटरच्या मापाच्या बोल्टांना साठ अंश चालतात. परंतु पाण्याच्या नळांचे आटे आपल्याकडे आजहि त्याच पंचावन्न अंशांच्या घराण्यांतले आहेत. इंचाला चौदा आट्यांच्या नळासाठीं टोंकाला सुमारें पाव मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते. तीच गोलाई आम्हीं झीज म्हणून काढून टाकली होती. अण्णांची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. त्यांनीं पाव मिलिमीटरची गोलाई हातानें दिली होती. ज्या पट्टीवरून त्यांनीं ती पडताळली, तीहि त्यांनीं जवळच ठेवली होती. आमच्या धंद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर, पावती फाइलींत असतां ती न पाहतांच आम्हीं एका चोख खात्याखालीं लाल रेघ ओढली होती.

हत्याराची चूक असती तर ती घासून काढतां आली असती. परंतु आम्हांस टोंचत होतें तें निराळेंच. अण्णा आणि आम्ही यांत मतभेद पडला, त्या वेळीं चूक त्यांचीच असणार हें आम्हीं एका क्षणांत गृहीत धरलें होतें. बाजारांतून आणलेल्या गेजवर आमचा विश्वास बसला, आणि अडतीस वर्षें ज्यांनीं यंत्रापुढें उभे राहून आम्हांस शिकविलें त्यांच्या हातावर बसला नाहीं. कागदाच्या हातांचा हा गुण अण्णांच्या लक्षांत आला होता कीं काय, आणि म्हणूनच ते आम्हांस उंबरठ्याबाहेर ठेवीत होते कीं काय, अशी शंका त्या रात्रीं आमच्या मनांत आली. ती अजून पुरती गेलेली नाहीं.

मिस्त्रींनीं आमची फार वेळ कींव केली नाहीं. त्यांनीं तो टूलबिट उलटा केला आणि आमच्या हातांत दिला. "भाऊसाहेब, याला दुसरें टोंक आहे." इतक्या दिवसांत ही साधी गोष्ट आम्हांस सुचली नव्हती. चौकोनी कांडीला दोन टोंकें असतात; अण्णांनीं बहुतेक तुकड्यांचें एकच टोंक घासलें होतें, आणि दुसरें दुकानांतून आलें तसेंच कोरें होतें. मिस्त्री स्टुलावर बसले. आम्ही सहाणेपुढें उभे राहिलों. एक बाजू, मग दुसरी. दर चार घासांनंतर त्या काळ्या पट्टीच्या खांचेंत टोंक धरून उजेडाकडे पाहावयाचें. चटका बसण्याआधीं पाणी. कोन जुळला तेव्हां दुपारचे तीन वाजले होते. मग तेलाच्या दगडावर टोंकाची गोलाई. ती डोळ्यांनीं धड दिसत नाहीं, नखावरून हळूच ओढली असतां ओरखडत नाहीं, एवढीच तिची खूण. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पितळेचा नवा तुकडा केला. तो बंबांत हातानें चार फेरे गेला आणि पाचव्याला घट्ट बसला. मावशींनीं बंब पेटविला. आम्ही तिघे जण पाणी तापेपर्यंत सांध्याकडे पाहत बसलों. तो कोरडा राहिला. "आतां नाहीं ना गळणार?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां मावशी म्हणाल्या, "तीस वर्षें जाऊं देत, मग सांगेन."

त्या दिवसापासून आम्हीं एक नियम केला आहे. अण्णांच्या टोंकाला एकदम सहाण लावावयाची नाहीं. आधीं तें हातांत घेऊन, त्याचे उतार मोजून, तें कोणत्या धातूसाठीं व कोणत्या कामासाठीं असावें हें ओळखावयाचें. मग त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोंकाला तसाच आकार द्यावयाचा, आणि त्यानें काम करून पाहावयाचें. काम साधलें तर आपलें वाचन बरोबर. अशा रीतीनें त्रेचाळिसांपैकीं सत्तावीस तुकडे आम्हांस वाचतां आले आहेत. नऊ अजून कळत नाहींत. त्यांतल्या एकापुढें मिस्त्रींनींहि हात टेकले. उरलेल्या सातांना कोरें टोंकच नाहीं. दोन्ही बाजू घासून घासून ते आंखूड झालेले आहेत, आणि त्यांना धार लावावयाची तर अण्णांच्याच टोंकाला लावावी लागेल. त्यांतला एक गेल्या महिन्यांत बोथट झाला. तो आम्हीं चार दिवस बाजूला ठेवला. पांचव्या दिवशीं चष्मा चढविला आणि सहाण सुरू केली. कारण तसाच ठेवला असता तर अण्णांनीं आम्हांस काय म्हटलें असतें, हें आतां आम्हांस थोडें थोडें कळूं लागलें आहे. ठिणग्या तांबूस आणि आंखूड पडल्या.

आट्यांचा तो टूलबिट पेटींत आहे. त्याच्या एका टोंकाला साठ अंश आहेत; आमच्या लाल रेघेचें तें टोंक मिलिमीटरचे बोल्ट उत्तम कापतें. दुसऱ्या टोंकाला पंचावन्न आहेत. अण्णांनीं घासलेलें पोलाद त्या तुकड्यावर कोठेंहि उरलेलें नाहीं. ५५ आंकड्याची पट्टी मात्र आम्हीं त्याच्याच फडक्यांत, त्याच्याजवळ गुंडाळून ठेवली आहे.